धाकटी थोरलीत गेली

लुंबिनीनं नवा कोट अंगात चढवला आणि आरशात न बघताच खोलीला कुलूप लावलं. लातूरचं एप्रिलचं ऊन आणि मुंबईत गार खोलीत बसून कुणीतरी पसंत केलेला हा गडद निळा, जाड कोट! त्यात स्वतःला काय बघायचं? जुन्या नोकरीत ती सुती साडी नेसून जायची आणि वेळ पडली तर पदर खोचून सामानही उचलायची. आता खोचायला पदरच राहिला नव्हता.

जुनी नोकरी म्हणजे गोदाकाठ एअर. अशी एक विमान कंपनी होती, हे आता लोकांना सांगावं लागतं. नांदेडच्या अमृतराव जिनिंगवाल्यांनी ती काढली. कापसात पैसा केलेला माणूस, हौशी, आणि कुणी 'हे जमायचं नाही' म्हटलं की मुद्दाम तेच करणारा. नांदेडहून उडायचं, लातूरला टेकायचं आणि तिथून मुंबई गाठायची, एवढीच त्यांच्या विमानाची वाट. विमानही एकच. जुनं, पंख्याचं, शेपटीवर पांढरा बगळा रंगवलेलं. नांदेड-लातूर अंतर एवढंसं, की वरच्या गार हवेनं जरा डोळा लागतोय तोवर चाकं खाली. सुरुवातीला सीटना नंबर नव्हते, तर माणसं पळत जिना चढायची आणि रुमाल टाकून जागा धरायची. एका आजोबांना बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकायचा होता. ती खिडकी उघडत नाही म्हटल्यावर त्यांनी वैमानिकालाच दम भरला. मुंबईचे लोक हसले. हसू देत. त्यांना हसायला नाहीतरी काहीतरी लागतंच.

लुंबिनी तिथं पहिल्या दिवसापासून होती. चाकूरची मुलगी, लग्न होऊन नांदेडला आलेली. नवरा आनंदराज पाटबंधारे खात्यात. लातूरचं स्टेशन उघडायचं ठरलं तेव्हा अमृतरावांनी विचारलं, "कोण जातं?" सगळे छताकडे बघायला लागले. हिनं हात वर केला. तेव्हापासून आठवडाभर लातूर आणि सुट्टीला नांदेड असा तिचा संसार. लातूरच्या इमारतीतली पहिली खुर्ची तिनं स्वतः पुसून मांडली होती. तिचे वडील चाकूरहून आले, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले आणि परत आल्यावर कुणाला काही न सांगता नुसतेच हसत राहिले. हे सगळं तिच्या जिवाला चिकटलं होतं. आनंदराज म्हणायचा, "नोकरी हाय ती, नोकरीसारखी कर." त्याचं खरंच होतं, पण ते तिला कधी साधलं नाही.

गोदाकाठची एक रीत होती. विमान माणसासाठी थांबायचं. रस्त्यावर धूळ दिसली, रिक्षा दिसली, कुणी पिशवी सांभाळत पळत येताना दिसलं, की दाराशी उभं असलेल्यानं हात वर करायचा आणि वैमानिकानं पंखे सुरू करायचे नाहीत. एसटीला हात दाखवून गाडी थांबवतात, तसंच. कुणी दवाखान्याला निघालेलं, कुणाची परीक्षा, कुणाचा कोर्टाचा वायदा. मुंबईत उशीर व्हायचा, तिथले लोक शिव्या घालायचे, अमृतराव फोनवर माफी मागायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या थांबण्याचा सगळ्यात जास्त फायदा घेतला लातूरजवळच्या मुरुडच्या तारामती मावशींनी. शेतकरी घरची बाई, पाऊणशे वय, पायात कायम एकच चप्पल. मुलगी आरती पनवेलला नर्स. आईनं रेल्वेत अंग आंबवून घेऊ नये म्हणून ती तिकीट काढून पाठवायची. मावशी आल्या नाहीत असा महिना नाही, आणि शेवटच्या आल्या नाहीत असा दिवस नाही. सामान चढवणारा मल्लेश उदगीरकडचा. तो लांबून लुगडं ओळखायचा आणि ओरडायचा, "अक्का, मुरुड आलं! आता लावा दार!" मावशी धापा टाकत यायच्या, पिशवीतून धपाट्यांचं गाठोडं काढून काउंटरवर ठेवायच्या आणि वर लुंबिनीलाच रागवायच्या, "लुंबिने, किती वाळून चाललीस गं! नवरा तिकडं, तू इकडं, करून घालायला कुणी न्हाई. खा आधी, मग इमान उडीव." मुरुडच्या आठवडी बाजारात बसून त्या विमानाची अशी काही वर्णनं करायच्या की निम्मं मुरुड एकदा तरी उडून आलं. कंपनीनं जाहिरातीवर कधी दमडी घातली नाही, त्याचं कारण ही बाई.

पुढं अमृतरावांचं बस्तान बिघडलं. तेल महागलं, विमानाचे सुटे भाग महागले, आणि मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं हात पुढं केला. नांदेडच्या ऑफिसात त्या कंपनीला सगळे 'थोरली' म्हणायचे आणि आपल्या कंपनीला 'धाकटी'. थोरलीला बोट दिलं, तिनं हात धरला. आधी थोडा हिस्सा, मग निम्मा, मग एका जानेवारीत धाकटी थोरलीत गेली. नांदेडच्या हॉटेलात कार्यक्रम झाला, हार झाले, मोठ्या पडद्यावर थोरलीचा सगळा इतिहास दाखवला. त्यात गोदाकाठ येऊन गेली तेव्हा लुंबिनी पाण्याचा ग्लास उचलत होती, तिला दिसलीच नाही. अमृतराव दोन शब्द बोलले आणि न जेवता गेले. विमानाच्या शेपटीवरचा बगळा रंगाखाली गेला. माणसांची जुनी नोकरीही गेली तशीच. लुंबिनी कागदोपत्री नवीन रुजू झाली आणि तिला 'प्रवाशाशी कसं बोलावं' हे शिकवायला मुंबईहून एक पंचविशीची पोरगी आली. लुंबिनीनं मुकाट्यानं शिकून घेतलं. भांडायचं तर कुणाशी, आणि अंगात तेवढा जोर तरी कुठं उरला होता?

थोरलीचा लातूरचा माणूस म्हणजे रुद्रेश. सोलापूरचा तरुण अधिकारी, बोलायला गोड. त्यानं पहिल्याच भेटीत सरळ सांगितलं, "लुंबिनीताई, नांदेड राहणार. लातूरचं नक्की नाही. तीन महिने बघू. तुमची वेळ सुधारा. लातूरमुळं पुढं मुंबईत सगळी साखळी विस्कटते, वरच्यांचा त्यावरच राग आहे. वेळ सुधारली तर मला तुमच्यासाठी बोलता येईल."

लुंबिनीनं ते शब्द गाठीला बांधले. लातूरचं विमान ठेवायचं, बस्स. ठरल्या वेळेला दार बंद म्हणजे बंद. काउंटरवर तशी हिंदी-इंग्रजीत पाटी लागली. पहिल्या आठवड्यात एक वकील बाहेर राहिला, मग एक कॉलेजचा मुलगा. दोघांनी आरडाओरड केली, लुंबिनीनं त्या मुंबईच्या पोरीकडून शिकलेली वाक्यं म्हटली. रात्री खोलीवर तिला जेवण गेलं नाही, पण वेळ सुधारायला लागली. नेहमीच्या माणसांना तिनं फोन करून नवा नियम सांगितला. तारामती मावशींना तेवढा केला नाही. आपल्याच आहेत, आल्या की समोरासमोर सांगू, असं तिला वाटलं. परक्याला कळवायचं आणि घरच्याला कळलंच असेल म्हणायचं, ही आपली जुनी खोड.

आणि त्या दिवशी रुद्रेश तपासणीला आलेला. काचेच्या दाराशी लुंबिनीच्या मागंच उभा होता. लोक चढले, सामान चढलं, वेळ झाली. मल्लेशनं मान उंच केली.

"अक्का, मुरुड."

रिक्षा फाटकाशी थांबली होती. मावशी उतरल्या, दोन्ही हातांत पिशव्या, नवं लुगडं. विमानात महांतेश होता, गोदाकाठचाच जुना वैमानिक. तो काचेतून लुंबिनीच्या हाताकडे बघत थांबला होता. तिचा हात वर निघालाही. मग तिला पाठीमागचा रुद्रेश आठवला. एवढे दिवस वकिलाला अडवलं, पोराला अडवलं, आणि आज याच्या डोळ्यांदेखत थांबवलं तर सगळं पाण्यात. तिनं हात खाली घेतला आणि मल्लेशला म्हणाली, "लाव दार."

मल्लेशनं ऐकलं नसल्यासारखं केलं. मग तिनं स्वतःच दार ओढलं आणि खटका लावला.

मावशी काचेपाशी आल्या त्या हसतच. त्यांना थट्टा वाटली. "लुंबिने, अगं मी हाय! उघड की."

"मावशी, टाइम झाला. आता उघडता येत न्हाई."

"इमान तर हुबं हाय की समोर."

"नियम बदलले मावशी. आता आपली कंपनी न्हाई ती."

तिकडं जिना काढला. पंखे सुरू झाले. मावशींनी विमानाकडं बघितलं, पिशव्या खाली ठेवल्या आणि लुंबिनीच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"मी येताना दिसले न्हाई का तुला?"

खोटं बोलता आलं असतं. लुंबिनीला ते सुचलंच नाही. "दिसल्या," ती म्हणाली.

"बघून लावलंस?"

मावशी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. आरतीच्या लेकराचं बारसं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी, हे त्यांनी मल्लेशला सांगितलं, लुंबिनीला नाही. पिशव्या उचलल्या आणि ऊन-सावली न बघता फाटकाकडं चालत गेल्या. रुद्रेश मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता.

त्यानंतर मुरुडचं कुणी आलं नाही. आधी लुंबिनीच्या लक्षात आलं नाही, मग आलं. मुरुडचे गेले, मग त्यांच्या पाहुण्यांचे पाहुणे गेले, औशाकडचे गेले. वेळेवर येणारे डॉक्टर-वकील तेवढे राहिले. विमान अगदी ठोक्याला उडायला लागलं आणि आत खुर्च्या रिकाम्या. मल्लेश सामानाच्या गाडीवर बसून राहायचा. एकदा म्हणाला, "अक्का, पैलं वज्जं उचलून कंबर दुखायची. आता बसून बसून दुखायली."

शेवटी सुट्टीच्या दिवशी लुंबिनी नांदेडला न जाता मुरुडला गेली. मावशींचं घर विचारायला लागलं नाही, एवढ्या वेळा ऐकलेलं. मावशी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. तिला बघून उठल्या, पदर सारखा केला.

"या मॅडम. बसा."

शिवी दिली असती तर लुंबिनीला बरं वाटलं असतं. सुनेनं चहा आणला, तोही पाहुण्यांच्या कपबशीत. मावशींनी खुशाली विचारली, सगळं 'तुम्ही-तुम्ही' करून, जशी तहसीलच्या साहेबाची विचारावी तशी.

"मावशी, मॅडम कामून म्हनता मला?"

"मग काय म्हनावं? तुमी सायब हाव."

"बारसं कसं झालं?"

"झालं की. रातच्या रेल्वेनं गेले, पोचूस्तोर पाळना हलवून बी झाला. पाळण्याखालून लेकरू घ्यायला शेजारची बाई हुबी ऱ्हायली. आरती मनली, आई, तू आधी कामून निगाली न्हाईस. मी काय सांगू तिला?"

मग लुंबिनीनं सगळं सांगितलं. थोरली, तीन महिने, वेळ, पाठीमागं उभा असलेला रुद्रेश. "तुमच्यासाठीच केलं मावशी. लातूरचं इमान ऱ्हावं म्हनून. तुमी एकदा बाजारात बोला. लोकं तुमचं ऐकतात. लोकं आली न्हाईत तर बंद करतील ते."

"आमच्यासाठी इमान ऱ्हावं म्हनून आमालाच टाकून गेलं व्हय?" मावशींचा आवाज पहिल्यांदा चढला. मग त्या पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. "तुमचं बी चुकलं नसंल, मॅडम. नोकरीच तशी हाय. पर आता आमाला रेल्वेच बरी. रेल्वे कुनालाच वळखत न्हाई. तिचा राग येत न्हाई."

लुंबिनी चहा तसाच ठेवून उठली, मग ते बरं दिसणार नाही म्हणून पुन्हा बसली आणि गार चहा पिऊन निघाली. मावशी दारापर्यंत आल्या. 'सावकाश जा' म्हणाल्या. धपाटे काही दिले नाहीत.

तीन महिने संपले आणि रुद्रेशचा फोन आला. लुंबिनीला आवाजावरूनच कळलं.

"ताई, वेळेत लातूर पहिलं आलं. सगळ्या छोट्या स्टेशनांत. वरच्यांनी कौतुक केलंय तुमचं."

"मग?"

"मग काय, वेळेवर रिकामं विमान जातंय. रिकामं न्यायचं तर लातूरला उतरायचं कशाला? पुढच्या महिन्यापासून नांदेडहून थेट मुंबई. तुम्हाला नांदेडला घेतोय, ते मी भांडून करून घेतलंय."

"तुम्हीच म्हणाला होता सर, वेळ सुधारा."

"हो. म्हणालो होतो." तो वाईट माणूस नव्हता, म्हणूनच पुढचं बोलून गेला. "खरं सांगू का ताई? त्या दिवशी त्या म्हाताऱ्या बाईंना घ्यायला हवं होतं तुम्ही. चार पावलांवर होत्या. मी काही बोललो नसतो. मला वाटलं, तुम्ही थांबवालच."

लुंबिनीनं फोन ठेवला आणि काउंटरमागं नुसती बसून राहिली. तिला संताप आला नाही. संतापायला कुणीतरी समोर लागतं, आणि समोर बघावं तर ते काचेचं दार आणि खटक्यावर तिचाच हात. तेवढ्यात आनंदराजचा फोन आला. त्याला आधीच कळलं होतं. "बरंच झालं की! घरी येशील आता. किती वर्षं झाली, दोन चुली चालून राहिल्या आपल्या." तो मनापासून खूश होता. त्याचा काय दोष? तीही 'हो' म्हणाली. अंगातलं सगळं बळ कुणीतरी काढून नेल्यासारखं झालं होतं, एवढंच ती त्याला म्हणाली नाही.

शेवटचं विमान दुपारी आलं. कुणाचा सत्कार नाही, फोटो नाही. नांदेडहून बसलेले प्रवासी मुंबईला निघालेले, ते आतच बसून राहिले. लातूरला दोघं उतरले आणि रिक्षा करून गेले. लातूरहून चढणारं कुणीच नव्हतं. शेवटच्या दिवशीही नाही. मल्लेशनं रिकामी सामानगाडी उगाच विमानापर्यंत नेली आणि तशीच परत आणली.

वॉकीटॉकीवर महांतेशचा आवाज आला. "लुंबिनीताई, लातूरचं कुणी नाही ना? लावू दार?"

तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. मग म्हणाली, "थांबा. एक जण येतंय."

मल्लेशनं झटकन तिच्याकडं बघितलं.

"कोण?" महांतेशनं विचारलं.

"मुरुडच्या मावशी."

महांतेश उंचावर बसलेला, त्याला तिथून फाटकापलीकडचा रस्ता हमरस्त्यापर्यंत दिसत होता. रस्त्यावर रिक्षा नव्हती, धूळ नव्हती, माणूस नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "थांबतो."

लुंबिनी इमारतीतून चालत पुढच्या बाजूला आली आणि उन्हात उभी राहिली. कपाळावर हात आडवा धरून तिनं रस्त्याकडं बघितलं. मल्लेश मागून आला.

"अक्का, मावशी येनार हायत?"

"न्हाई."

"मग?"

"थांबू दे की जरा."

मल्लेशही तिच्या शेजारी उभा राहून रिकाम्या रस्त्याकडं बघायला लागला. आता मुंबईत साखळी विस्कटणार, नांदेडला गेल्या गेल्या जाब द्यावा लागणार, हे तिला कळत होतं. कोटाच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या. तिनं कोट काढला आणि हातावर टाकला.

वॉकीटॉकी खरखरला. "ताई, आत लोक कुरकुर करून राहिलेत. विचारतात, एवढं कोण आहे, विमान थांबवायला?"

"आपलं माणूस हाय म्हणावं," लुंबिनी म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, लहान लेकरासारखं. मल्लेशनं वॉकीटॉकी तिच्या हातातून हळूच काढून घेतला. पलीकडून कुणी पुन्हा विचारलं नाही. विमान थांबून होतं.